अध्यक्ष अलगद उतरले

कापलेली फांदी धाडकन न कोसळता अलगद खाली यावी, म्हणून काकांनी एक लोखंडी नळकांडं शोधून काढलं होतं. ते बुंध्याला बांधून दोराचे चार वेढे दिले, की शंभर किलोची फांदीही एका हाताने उतरवता येई. त्यांच्या शोकसभेला झाडं छाटणारे लांबलांबून आले. जमिनीवरून बोललेलं या मंडळींना पटत नाही, म्हणून मंच झाडावरच बांधला होता.

संघटनेचे अध्यक्ष वर चढले आणि स्वतःच्याच थोरवीत रमले. तास झाला तरी तोंडाचा पट्टा थांबेना, काकांचं नाव निघेना. काकूंना राहवेना. त्या खालून म्हणाल्या, "उतरवा रे त्यांना."

दोघांनी वर जाऊन अध्यक्षांच्या कमरेला दोर बांधला, तिसऱ्याने खाली नळकांड्यावर वेढे दिले. अध्यक्ष बोलत बोलतच तरंगत खाली आले. पाय टेकले तेव्हा ते सांगत होते, "मी आजही त्याच उंचीवर आहे!"

काकू आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू कोसळलं.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्या नळकांड्यानं साधा धक्कासुद्धा बसू दिला नाही."