मागच्या चाकांचं माप

धाकटा दीर लाल स्पोर्ट्‌स कार घेऊन दुकानासमोर उतरला तेव्हा वहिनीने आधी टायरकडे पाहिलं, मग दिराकडे. टायरच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईची नजर दुसरीकडे जाणार तरी कुठे? मागचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते आणि भलतेच रुंद होते, चाकावरच्या पत्र्याच्या बाहेर डोकावत होते. ‘आलास का बाबा आपल्या पायांनी!’ ती मनात म्हणाली, आणि तोंडाने म्हणाली, “या भावजी. आज कशी काय वाट चुकलात?”

वाटबीट काही चुकला नव्हता. त्या गाडीच्या मापाचे टायर अख्ख्या शहरात दुसऱ्या कुणाकडे नव्हते आणि उद्या सकाळी त्याला डोंगराच्या रस्त्यावरच्या शर्यतीत उतरायचं होतं. नाहीतर हा पठ्ठ्या दादाच्या दुकानाची पायरी कशाला चढतो! दोन वर्षं झाली, नात्यागोत्यात एकच गाणं चाललं होतं त्याचं, की दादाने चुकीच्या मापाचे टायर बसवले म्हणून माझी आधीची गाडी गेली.

गाडी गेली त्याचं एवढं काही नाही. त्या गाडीत सासूबाई होत्या. ओल्या रस्त्यावर वळण घेताना मागचा टायर आतून घासून फाटला, गाडी कठड्यावर आदळली आणि सासूबाईंचा पाय कायमचा अधू झाला. धाकट्याला साधा ओरखडा नाही. गाडी भंगारात गेली, तिच्याबरोबर पुरावाही गेला, आणि याने बोंब ठोकली, “मी बरोबर माप सांगितलं होतं. दादाने दुकानात पडून होते ते टायर बसवून दिले.” चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

पण थोरल्याचा स्वभाव असा, की कुणी ‘तू चुकलास’ म्हणालं की हा आधी मान खाली घालणार आणि मग विचार करणार. त्याने आईचे पाय धरले, ढसाढसा रडला, आणि त्यानंतर चाकाला हात म्हणून लावला नाही. रोज दुकानात यायचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा, फडक्याने नट पुसत राहायचा. कुणी फारच आग्रह केला तर हवा भरून द्यायचा. एवढा नावाजलेला कारागीर स्वतःच्याच हातांना भ्यायला लागला होता. वहिनीला हे रोज डोळ्यांनी बघावं लागायचं, आणि दिराचं नुसतं नाव निघालं तरी तिच्या अंगाची लाही लाही व्हायची. या माणसाने आपल्या तोंडाने खरं बोलावं आणि ते नवऱ्याने आपल्या कानांनी ऐकावं, एवढ्यासाठी ती टपून बसली होती.

“बोला, माप काय देऊ?” ती म्हणाली.

“पुढे दोनशे पस्तीस, मागे दोनशे पंच्याण्णव,” धाकट्याने टायरच्या रुंदीचे आकडे घडाघडा सांगितले. “स्पोर्ट्‌स कार आहे वहिनी ही. पुढचे वेगळे, मागचे वेगळे. नीट बघून द्या हं, नाहीतर पुन्हा...” आणि त्याने स्टुलाकडे बघून डोळा मिचकावला.

थोरल्याची मान आणखी खाली गेली. वहिनीला वाटलं, हातातला पाना घालावा याच्या टाळक्यात. अगदी मनापासून वाटलं. मग त्याहून सोपी गोष्ट सुचली. दोनशे पंच्याण्णवचे टायर मागच्या खोलीत होते आणि ते या गाडीला मोठे होणार, हे तिला बघताक्षणी कळलं होतं. म्हणतोय ना स्वतःच्या तोंडाने, मग द्यावेत चढवून! झिजलेले कसेबसे निभावले, नवे जाड टायर उद्या पहिल्याच उतरत्या वळणावर घासतील, पुढचं त्याचं नशीब. ती आत गेली, तसला एक टायर ओढून दारापर्यंत आणलासुद्धा. तिथे थांबली. हा मेला तर खरं कोण सांगणार? आणि गेलेल्या माणसाबद्दल जो तो चांगलंच बोलतो, म्हणजे दोष पुन्हा आपल्याच माथी. तिने टायर परत जागेवर लोटून दिला.

“पट्टी पाहिलीत ना, भावजी?” बाहेर येऊन तिने गोड आवाजात विचारलं.

गाडीच्या दाराच्या चौकटीत कंपनीने लावलेली एक पट्टी असते. गाडीला कुठल्या मापाचा टायर चालतो ते तिच्यावर छापलेलं असतं. टायर बदलणाऱ्याने आधी दार उघडून ती पट्टी वाचायची असते, कारण चाकावर आत्ता असलेला टायर आधीच्या मालकाने कसल्या हौसेपायी चढवलाय, देव जाणे.

“पाहिली की! पट्टीवरचंच तर सांगतोय.”

वहिनीने दार उघडलं. पट्टी दिसेचना. तिच्यावर कुठल्याशा क्लबचं स्टिकर चिकटवलेलं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या, वर धुळीचा थर. तिने नखाने ते खरवडून काढलं. खाली मागच्या चाकांचं माप स्वच्छ छापलं होतं, दोनशे पासष्ट.

“अहो भावजी, या पट्टीला तर कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही. मग तुम्ही वाचलीत कुठली?”

धाकटा हसला. ओशाळणं त्याच्या रक्तातच नव्हतं. “काय वहिनी तुम्ही पण! टायरवर एवढं ढळढळीत लिहिलेलं असतं, दारात वाकून कोण बघत बसतं? मी नेहमी टायरवरचंच सांगतो.”

“नेहमी?”

“नेहमी.”

“आधीच्या गाडीच्या वेळीही?”

“मग! तेव्हाही तसंच...” आणि त्याची जीभ जागच्या जागी अडकली. जित्याची खोड, तिनेच शेवटी घात केला.

स्टुलाचा आवाज झाला. थोरला उठून गाडीपाशी आला होता. “आत्ता आठवलं. मी तुला तेव्हा विचारलं होतं,” तो हळू म्हणाला, “पट्टी पाहिलीस का म्हणून. तू हो म्हणालास. मला वाटत होतं, मी विचारलंच नाही. रोज वाटायचं.”

“दादा, जाऊ दे ना आता. झालं गेलं...”

थोरल्याने जॅक ओढला, गाडी उचलली आणि पाना घेतला. पहिल्या नटावरून पाना दोनदा निसटला. दुसऱ्या चाकापासून हात पूर्वीसारखा चालायला लागला. चारही चाकं त्याने काढली आणि आत नेऊन भिंतीला टेकवून ठेवली. गाडी नुसती टेकूंवर उभी.

“तुमच्या गाडीला लागणारे दोनशे पासष्ट आहेत आपल्याकडे,” वहिनी म्हणाली. “बसवून मिळतील. पण आधी फोन करायचे. ज्याला ज्याला सांगितलंत ना, त्या सगळ्यांना. आधी आईंना. आणि स्पीकरवर, आम्हालाही ऐकू दे.”

“ही दादागिरी झाली, वहिनी!”

“झाली. पटत नसेल तर न्या गाडी ढकलत.”

धाकट्याने भावाकडे पाहिलं. लहानपणापासून दादाकडे पाहिलं की दादा विरघळायचा. आज दादा टायरच्या कडा तपासत होता. शेवटी धाकट्याने फोन लावला.

“काय रे बाळा, मिळाले का टायर?” सासूबाईंचा आवाज आला.

“आई, ते... तेव्हा माप मीच चुकीचं सांगितलं होतं. दादाची चूक नव्हती.”

 याच वाक्यासाठी वहिनीने इतके दिवस दात-ओठ खाल्ले होते.

“मग त्याचं आज काय एवढं?” सासूबाई म्हणाल्या. “इस्पितळातच सांगितलं होतंस की मला. तेव्हाच म्हटलं होतं ना, मनाला लावून घेऊ नकोस. थोरला सोसतो रे, त्याला सवय आहे. तुला नसतं झेपलं.”

 थोरल्याच्या हातातला टायर सुटून लवंडला. हीच आई, हिचेच पाय धरून तो रडला होता, आणि तिने वरून त्याच्या डोक्यावर हात फिरवला होता.

आवाज ऐकून सासूबाई बिचकल्या. “कोण आहे रे तिथे? थोरला नाही ना?”

धाकटा गयावया करत वहिनीकडे बघायला लागला. एक ‘नाही’ म्हणायचा अवकाश होता, निदान म्हाताऱ्या बाईची लाज राखली गेली असती. पण वहिनीच्या पोटात तेवढी दया उरलेली नव्हती.

“इथेच आहेत, आई,” ती म्हणाली. “शब्दन्‌शब्द ऐकलाय त्यांनी.”

“बाळा...” पलीकडून आवाज आला. या वेळी हाक थोरल्याला होती.

थोरला पुढे आला आणि ग्रीसने काळं झालेलं बोट टेकवून त्याने फोन बंद केला. लवंडलेला टायर उचलून यंत्रावर चढवला. धाकट्याकडे त्याने पाहिलंही नाही.

“आता मामाला लाव,” तो म्हणाला. “आणि आईला आधीपासून माहीत होतं, तेही सांग.”