पत्त्यांना हात लावला नाही

मेहुणा कामाला लागला की निदान सोफा तरी मोकळा होईल, एवढाच डॉक्टरांचा स्वार्थ. म्हणून त्यांनी रुग्णांचे अहवाल पोस्टाने पाठवायचं काम त्याच्यावर सोपवलं. संगणकातल्या यादीवरून लेबलं सुबक छापली, पाकिटं रवाना झाली आणि फोन खणखणू लागले. एकाच्या गुप्तरोगाचा अहवाल भलत्याच्याच घरात उघडला होता.

"दाजी, मी फक्त नावांचा रकाना अकारविल्हे लावला," मेहुणा बिस्किट चघळत म्हणाला.

"आणि पत्त्यांचा?"

"त्याला हातसुद्धा लावला नाही, शपथ!"

डॉक्टरांना त्या चघळण्याचीच शिसारी आली.

"लहान आहे हो तो," बायको म्हणाली.

चाळिशीचा लहान!

मेहुणा सोफ्यावर परतला, डॉक्टर माफी मागून सुटले. झाकली मूठ उघडी पडली ती रोग्यांची. गावात तोंड लपवत तेच फिरले.