तळाच्या कापसाचा आकडा

मी एक जुना मॉइश्चर मीटर आहे, मित्रांनो. नावाला घाबरू नका. माझ्या तोंडाला दोन लांब पिना आहेत. त्या कापसात खुपसल्या की ओल किती टक्के आहे ते मी सांगतो. बस्स, एवढंच येतं मला, पण चोख येतं!

जन्म कोइम्बतूरच्या कारखान्यात झाला, पण उमेदीची वर्षं गेली दिग्रसच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. हंगामात गाड्यांची रांग लागायची. "मीटर आणा रे!" अशी हाक आली की मी रुबाबात निघायचो. मग तिथे चकचकीत नवा मीटर आला आणि मला गावातल्या कॉलेजला देऊन टाकलं. कपाटात नुसता पडून होतो. फार राग यायचा, खरंच सांगतो.

मला बाहेर काढलं कुंदा मॅडमनी. त्या संख्याशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडे विद्यार्थीच उरले नव्हते. डेटा सायन्सची पदवी सुरू झाली तर विभाग वाचणार, नाहीतर कुलूप. असा अभ्यासक्रम कसा बांधायचा हे प्राध्यापकांना शिकवायला यवतमाळहून साकेत सर यायचे. त्यांचा एकच हट्ट: पहिलं प्रात्यक्षिक पुस्तकातलं नको, इथलं हवं. म्हणून मॅडमनी प्रयोगशाळेत कापसाचा ढीग मांडला.

रीडिंग घेत होते भौतिकशास्त्राचे सुनील सर. वर आठ, मध्ये नऊ, तळाशी चौदा. सरांनी चौदा खोडला.

"म्हातारं झालं हे मीटर, मॅडम. काहीच्या बाही सांगून राह्यलं."

कॉलेजात रीतच ती. न जुळणारं रीडिंग खोडायचं आणि उत्तर जुळवून आणायचं. पण मला म्हातारं म्हणाले! अंगाची आग झाली नुसती.

साकेत सरांनी कागद पाहिला. "सगळे आकडे इतके शहाणे कसे हो, सर?"

"जुळवले थोडे," सुनील सर हसले. "परवा विद्यापीठाची समिती येऊन राह्यली. वेडेवाकडे आकडे पाहून पदवीले नाही म्हटलं तर?"

मॅडमनी ढिगाखाली हात घातला. फरशीची ओल कापसात चढली होती. "सर, मीटर खरं सांगून राह्यलं होतं. आपणच खोडलं. पोरांनाही हेच शिकवायचं असंन, तर ही पदवी कायले पाहिजे?"

सुनील सर ओशाळले आणि पुन्हा रीडिंग घ्यायला बसले.

समितीने विचारलंच, "आकड्यांत एवढा फरक का?" मॅडमनी तळाचा ओला कापूस पुढे केला. म्हणाल्या, "कापसातच फरक आहे, सर. तो का पडला, हे शोधायला मुलं शिकतील." काही दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. मला तर नाचावंसं वाटलं!

यंदा पहिला वर्ग भरला. तांड्यावरून येणारी राखी मला घेऊन कापसाच्या ढिगाशी बसली. तिला बारा आला. तिने शेजारणीच्या वहीत डोकावलं, तिथे आठ. लगेच स्वतःचा बारा खोडायला तिने पेन टेकवलं.

"काहून खोडून राह्यली?" मागून सुनील सर म्हणाले. "तुले बारा आला ना? मग बाराच लिही. काहून आला, ते आपण शोधू."

मित्रांनो, माझ्या पिना पुसत जा, सेल वेळेवर बदलत जा. आणि माझा आकडा आवडला नाही तरी आधी लिहून घ्या, मग खुशाल माझ्याशी भांडा.