आधी मला घ्या

पोलिसखात्यात त्यांना सगळे शिट्टीसाहेब म्हणत. जमाव कितीही बिथरलेला असो, ते शिट्टी फुंकून आधी आपल्याच शिपायांना मागे घेत आणि मग एकटे बोलायला पुढे जात. वरच्यांना हे खपेना. त्यांनी साहेबांची खात्यातून उचलबांगडी केली आणि फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात मारलं. तिथे हा माणूस शोभेपुरता बसेल, असा त्यांचा होरा होता.

साहेब कसले बसतायत! गळकी ड्रेसिंग रूम त्यांनी दुरुस्त करून घेतली, वशिल्याचे पंच घरी पाठवले आणि मुलींचा संघ उभा केला.

त्या संघाच्या कॅप्टनचा भाऊ संपात तुरुंगात गेला. त्याला सोडा, असं ती मुलाखतीत बोलून गेली. लगेच क्रीडामंत्र्यांचं बोलावणं आलं.

"तिला वगळा. गुडघा दुखावलाय म्हणून सांगा."

"तिचा गुडघा तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे," साहेब म्हणाले. "ती खेळणार."

महिनाभरात साहेबांना दूरच्या एका देशात राजदूत नेमण्यात आलं.

"ही बढती म्हणायची की हद्दपारी?" बॅगा भरता भरता बायकोने विचारलं.

"दोन्ही. पण फुटबॉल तिकडेही खेळतात."

आणि पुढच्याच वर्षी मुलींचा संघ स्पर्धेसाठी नेमका त्याच देशात आला. पहिल्या सामन्याच्या सकाळी मंत्र्यांचा फोन आला. कॅप्टन परदेशी पत्रकारांशीही तेच बोलली होती.

"तिचा पासपोर्ट काढून घ्या आणि तिला आजच्या विमानात बसवा. इथे पुढचं आम्ही बघतो."

"तेच पुढचं मला ठाऊक आहे. म्हणून नाही बसवत."

"हा सरकारी हुकूम आहे, साहेब."

"आणि मी तो मोडतोय. तसं लिहून घ्या."

त्या दिवशी ती खेळली. संघ हरून स्पर्धेबाहेर गेला, पण ती शेवटपर्यंत मैदानात होती. संध्याकाळी साहेबांना परत बोलावण्यात आलं. ते संघाच्याच विमानाने निघाले.

मायदेशी विमानतळावर पोलीस उभे होते. कॅप्टनचा चेहरा उतरला.

"माझ्या मागे राहा, पोरी," म्हणत साहेब पुढे झाले आणि तिथल्या इन्स्पेक्टरसमोर त्यांनी दोन्ही हात बेड्यांसाठी पुढे केले. "हुकूम मी मोडलाय. आधी मला घ्या."

संघातल्या मुली एकेक करून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कॅमेरे सरसावले. इन्स्पेक्टर घाम पुसत फोनवर वरच्यांना विचारत राहिला. सगळ्या संघाला बेड्या घाला, असं म्हणायची छाती वर कुणाचीच झाली नाही. शेवटी त्याने वाट सोडली.

साहेबांना पुन्हा कुठलंच पद मिळालं नाही. भाऊ अजून आतच होता आणि कॅप्टन जाईल तिथे त्याच्याबद्दल बोलत होती.

"आता काय करणार?" बायकोने विचारलं.

"उद्या मुलींचा सराव आहे. बघायला जाणार."

"मैदानात जायला बंदी घातलीय ना तुमच्यावर?"

"घातलीय," साहेब बूट पुसत म्हणाले. "तू येतेस?"