पिवळ्या विमानाचा नवा सारथी

मी एक जुनं विमान आहे, मित्रांनो. एका पंख्याचं, चार खुर्च्यांचं आणि पिवळ्या रंगाचं. रंग मुद्दाम सांगतो, कारण त्याचा मला भारी अभिमान आहे. हँगरमध्ये माझ्या शेजारी उभी असतात ती नवी विमानं पांढरीफटक आहेत बिचारी. मला तर ती कायम आजारातून उठल्यासारखीच वाटतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एक बाई माझ्या पोटात शिरून लोखंडी ठोकळा धरायची, दुसरी बाहेरून रिव्हेट ठोकायची. ठोकाठोकीचा आवाज एवढा, की त्या दोघी बोटांनी खुणा करूनच गप्पा मारायच्या. सुरुवातीची वर्षं मी उडायला शिकणाऱ्यांना पाठीवर घेतलं. काय आपटलंय मला त्यांनी धावपट्टीवर! पण मी कुणावर कधी डाफरलो नाही. आज त्यातले काही जण मोठाली विमानं चालवतात आणि मला ओळखही दाखवत नाहीत. असो.

मग मी डॉक्टरबाईंकडे आलो. या बाई डोळ्यांच्या डॉक्टर आणि वैमानिकही. समुद्रापलीकडच्या एका बेटावर एका खोलीचा दवाखाना आहे. दर आठवड्याला त्या माझ्यातून तिथे जातात आणि लोकांचे मोतीबिंदू काढतात. बोटीने जायचं तर जाण्यायेण्यातच आठवडा सरेल. म्हणून बेटावरची माणसं मान वर करून माझीच वाट बघतात. असं कुणी आपली वाट बघत असलं, की म्हातारपणसुद्धा अंगावर येत नाही.

वर गेल्यावर मला सांभाळायला एक ऑटोपायलट होता. ऑटोपायलट म्हणजे विमानाचा सारथी. दिशा आणि उंची सांगितली, की तो सुकाणू धरतो आणि वैमानिकाच्या हातांना विसावा मिळतो. माझा जुना सारथी मोठा गुणी होता. पण वय कुणाला चुकलंय? शेवटी शेवटी त्याला डुलकी लागायची आणि मी हळूहळू वर चढायला लागायचो. डॉक्टरबाई रागवायच्या नाहीत. सुकाणूच्या हँडलवर अंगठा दाबून त्या माझं नाक खाली ठेवायच्या. म्हाताऱ्याला सांभाळून घ्यायची त्यांची ती तऱ्हाच होती.

एके दिवशी समुद्रावर वाऱ्याने थैमान घातलं. सारथ्याने हात टेकले. डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी हँडल आवळून मला बेटावर सुखरूप उतरवलं. काय बाई आहे! मला वाटलं, जिंकलो आपण. पण थोड्याच वेळात त्या दवाखान्यातून एका आजींचा हात धरून बाहेर आल्या. या आजी मासेमारीची जाळी विणायच्या. आता नीट दिसत नसल्यामुळे चाचपडत विणायच्या.

"आजी, आज नको. माझे हात थरथरताहेत. डोळ्याचं नाजूक काम आहे, मला धीर होत नाही."

"अगं, एवढं थांबले, आणखी थोडं थांबेन," आजी म्हणाल्या. "पण तू परत येशील ना? ह्या करड्या विमानातूनच येतेस ना तू?"

करडं! मला करडं म्हणाल्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग त्यांचे दुधाळ डोळे दिसले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्या संध्याकाळी हँगरमध्ये परतल्यावर डॉक्टरबाई आपल्या यजमानांना म्हणाल्या, "नवा ऑटोपायलट बसवून बघते. त्यानेही हातांना आराम मिळाला नाही, तर बेटावर जाणं बंद. हात थरथरत असताना मी कुणाच्या डोळ्याला सुरी लावणार नाही." इकडे हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला हे कळलं. मला विकत घेऊन हॉटेलसमोर जाहिरातीसारखं खांबावर चढवायचं आणि दिवे लावायचे, असा त्याचा बेत होता. एक दिवस तो येऊन माझे पंख टेपने मोजूनसुद्धा गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग ताई आली. विमानांच्या तारा आणि यंत्रं बसवणारी ही बाई. सगळं हँगर तिला ताईच म्हणतं. तिने माझ्या खुर्च्या काढल्या, फरशी उचलली आणि जुन्या सारथ्याची मोटर अलगद बाहेर काढली. "भरपूर केलंस रे बाबा," असं म्हणत तिने ती पुसून खोक्यात ठेवली. मला भरून आलं. तिचं काम बघत राहावं असं. जुन्या तारेच्या टोकाला नवी तार बांधायची आणि हळूच ओढायची, म्हणजे नवी आपोआप जुन्याच वाटेने जाते. मेणाच्या दोऱ्याने बांधलेली तिची प्रत्येक गाठ एकसारखी. संध्याकाळी तिच्या पेटीत एका जरी पान्याची जागा रिकामी दिसली, तरी ती माझी फरशी बंद करायची नाही.

नवा सारथी बसला. पोरगा फार हुशार! सुकाणू तर धरतोच, शिवाय माझ्या शेपटीवरची छोटी पट्टी हलवून नाकाचा भारही स्वतःच साधतो. मी खुशीत वर गेलो. आणि कसलं काय! डॉक्टरबाईंनी सारथी बंद केला, की माझं नाक टुणकन वर उडायचं. ताईने मोटर काढून तपासली. केबलचा ताण मोजला. दुसऱ्या फेरीलाही तेच.

मित्रांनो, कारण मला ठाऊक होतं! डॉक्टरबाईंचा अंगठा सवयीने हँडल दाबत होता. नव्या सारथ्याला वाटायचं, नाक जड झालंय. म्हणून तो शेपटीची पट्टी फिरवून नाक वर रेटायचा. त्या आणखी दाबायच्या, तो आणखी रेटायचा. दोघांची नुसती रस्सीखेच! आणि डॉक्टरबाई आणि ताई, दोघींचे डोळे नव्या सारथ्याबरोबर आलेल्या चकचकीत पडद्यावर. मी पंख्यापासून शेपटीपर्यंत ओरडत होतो. पण विमानाची घरघर कोण समजून घेणार?

तिसऱ्या फेरीला ताईला लॅपटॉप घेऊन मागे बसायचं होतं. पण चाचणी सारखीच राहायची, तर ती आधी बसायची त्या पुढच्या खुर्चीत तेवढंच वजन हवं होतं. तेवढ्यात डॉक्टरबाईंचे यजमान जेवणाचा डबा द्यायला आले. ते शाळेत मास्तर. इतक्या वर्षांत माझ्यात एकदाही बसले नव्हते.

"अहो, चला जरा वर."

"मी? अगं, मी स्टुलावर चढलो तरी मला गरगरतं!"

"काही करायचं नाहीये. नुसतं वजन म्हणून बसा."

बायकोचं उडणं आता यावरच अवलंबून आहे, हे मास्तरांना माहीत होतं. डबा पोटाशी धरून ते गुपचूप चढले. वर गेल्यावर बाहेर बघायची त्यांची छाती होईना, पडद्यातलं काही कळेना. म्हणून ते एकटक बायकोच्या हातांकडे बघत बसले.

"अगं, तुझा अंगठा पांढरा का पडलाय?"

"कुठला अंगठा?"

"हा काय. हँडल एवढं दाबून का धरलंयस? ते आपोआप चालतं ना?"

मग मागून ताई ओरडली, "डॉक्टर, एकदम सोडू नका! हळूहळू उचला."

अंगठा हळूहळू उचलला गेला. शेपटीची पट्टी सुर्रकन जागेवर आली. सारथी बंद केला, आणि माझं नाक तसूभरही हललं नाही. आहाहा! हसता हसता डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हाताऱ्याला सांभाळत होते इतकी वर्षं, तो गेलाय हे अंगठ्याला कुणी सांगितलंच नाही!"

"आणि मी त्या गरीब मोटरला शिव्या घालत बसले," ताई म्हणाली.

"झालं ना? मग उतरू या का आता?" डबा घट्ट धरून मास्तर म्हणाले.

तेव्हापासून मास्तर दर खेपेला येतात. बाहेर अजूनही बघत नाहीत. मधूनच म्हणतात, "अंगठा!" की डॉक्टरबाई हसून हात मांडीवर ठेवतात. मास्तरांएवढा शूर प्रवासी मी पाहिलेला नाही.

पहिल्याच खेपेला डॉक्टरबाईंनी बेटावर उतरल्यावर हात पुढे धरून बघितले. बोटं अगदी स्थिर होती. त्यांनी सगळ्यात आधी आजींना आत बोलावलं.

मित्रांनो, जुन्या यंत्राला टाकून देण्याआधी त्याच्याजवळ थोडं थांबा. काय बिघडलंय ते नीट बघा. आणि यंत्र बघून झालं, की एकदा आपले हातही बघा. मी काही हुशारी मारत नाही. पुढच्या आठवड्यात काय झालं, तेवढंच सांगतो. आजी कुणाचाही हात न धरता धावपट्टीच्या कडेपर्यंत चालत आल्या. माझ्यासमोर थबकल्या. पंखापासून शेपटीपर्यंत मला न्याहाळलं आणि माझ्या नाकावर हात ठेवून म्हणाल्या,

"अगंबाई! हे तर पिवळंधमक आहे!"