सोळा मीटर वीस सेंटीमीटर

शहर संपले असे जिथे वाटते आणि तरीही ते संपलेले नसते, अशा ठिकाणी तो मतदारसंघ पसरलेला होता. बैठ्या घरांच्या रांगा, चार-चार मजल्यांच्या इमारती, दोन शाळा, एक दवाखाना, पुष्कळशी गोदामे. आणि या सर्वांना कलिंगड चिरावे तसा मधोमध चिरीत गेलेला महामार्ग. मार्गाच्या अलीकडे लोक राहत आणि पलीकडे काम करीत. नकाशावर मतदारसंघ एकच होता, परंतु पायी चालणाऱ्या माणसाला ते दोन देश होते.

या मतदारसंघाने आजवर पाच आमदार निवडून दिले होते आणि लोक त्यांना नावाऐवजी त्यांच्या कामगिरीवरून ओळखत. पहिले ‘नळवाले’, दुसरे ‘शाळावाले’. तिसरे अवघ्या तीन मतांनी निवडून आले, म्हणून ‘तीनमतवाले’, ते पाच वर्षे भेटेल त्याला विचारीत राहिले, “त्या तिघांतले तुम्हीच का हो?” चौथे कुणीही बोलावले की “निघालोच” म्हणत आणि कुठेच पोचत नसत, म्हणून ‘निघालोच साहेब’. पाचव्या होत्या बाई. त्या पूर्वी शाळेत गणित शिकवीत, आणि आमदार झाल्या तरी त्यांना बाईच म्हणत.

मिस्त्रीचे दुकान त्याच्या राहत्या खोलीच्या खालीच होते. दारे, खिडक्या, टेबले, खुर्च्या हा त्याचा धंदा. शिक्षण बेताचे, पण हात असा स्वच्छ, की त्याने बसवलेल्या दारात पोस्टकार्डही सरकत नसे. आमदार या गोष्टीविषयी त्याच्या मनात लहानपणापासून एक आश्चर्य घर करून होते. लाखभर माणसे एकाच खुर्चीत कशी मावतात? खुर्च्या तर तो स्वतः बनवीत असे, आणि त्याच्या मोजणीत एका खुर्चीत एकच माणूस बसत असे.

त्याची बायको महामार्गापलीकडच्या धुलाईघरात इस्त्री करी. जाताना एकदा आणि येताना एकदा, हातातली पिशवी छातीशी धरून, गाड्यांच्या दोन लाटांमधली फट साधून ती धावत रस्ता ओलांडी. एकट्या तिचेच नव्हे, सगळ्या वस्तीचे असेच होते. जुना भुयारी मार्ग होता, पण तो फार लांब होता. जाऊन-येऊन कामाची वेळ टळे. मागच्या हिवाळ्यात एका ट्रकचा आरसा तिच्या खांद्याला घासून गेला. ती घरी आली, पिशवी ठेवली, उभ्याने दोन पेले पाणी प्यायली आणि मग म्हणाली, “अहो, आज थोडक्यात वाचले.”

त्या दिवसापासून मिस्त्रीचे संध्याकाळी कामात लक्ष लागेना. बायकोची पावले जिन्यावर वाजेपर्यंत त्याचा रंधा लाकडावर नुसताच पडून राही.

पुढे बाईंच्या कार्यालयातल्या कपाटाचे दार लागेना म्हणून त्याला बोलावणे आले. दार बसवता बसवता त्याने धीर करून सर्व सांगितले. बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले.

“मिस्त्री, पूल मिळतो. पण नियम आहे. सर्वांत जवळची सुरक्षित वाट आठशे मीटरच्या पुढे असेल तरच पादचारी पूल. तुमच्या वस्तीच्या फाटकापासून भुयारापर्यंत किती भरेल?”

“असेल की बाई, हजारभर पावलं.”

“पावलं नकोत. मोजून आणा. मी तुमचा आकडा सभागृहात बोलणार आहे.”

रविवारी सकाळी मिस्त्री आपली पाच मीटरची टेप घेऊन निघाला. सोबत मेहुणा होता. मेहुणा बसमध्ये कंडक्टर. गर्दीच्या बसमध्ये एकही माणूस मोजायचा राहत नाही, अशी त्याची फुशारकी. फाटकापाशी मिस्त्री गुडघ्यावर बसून टेपचे तोंड धरी, मेहुणा पुढे जाऊन पाचाच्या खुणेवर खडूची रेघ मारी, मिस्त्री त्या रेघेवर येऊन बसे, मेहुणा पुन्हा पुढे. मेहुणा प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा म्हणे, आणि बाजूने जाणारे लोक हसत.

“काय कंडक्टर, रस्त्याचं तिकीट फाडताय का?”

“तुम्ही फुकटे आहात, तुम्हाला नाही मिळणार!” मेहुणा सुनावी आणि पुढे मोजी.

एकशे बासष्ट वेळा टेप पडली. आठशे दहा मीटर. मिस्त्रीने तो आकडा कागदावर सुबक अक्षरात लिहून बाईंना नेऊन दिला. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, “दहाच जास्त? हुश्श! नशीब म्हणायचं.” आणि कित्येक महिन्यांनी ती मोकळेपणाने हसली.

महिन्याभराने बाईंनी मिस्त्री आणि मेहुणा दोघांना प्रवेशपत्रे पाठवली: प्रश्न आज येणार, येऊन ऐका.

विधानगृहाच्या फाटकावर पहारेकऱ्याने मिस्त्रीचे खिसे तपासले. टेप त्याच्या खिशात सवयीनेच आली होती. पहारेकऱ्याने ती ओढून पाहिली.

“अहो, हिचं तर नाकच तुटलंय. सुरुवातीचे आकडेच नाहीत. मोजता कसं?”

“दहापासून धरतो,” मिस्त्री सहज म्हणाला, “आणि जे येईल त्यातून दहा वजा करतो. दुकानात बोटांना सवयच झालीये.”

“असं होय! जाताना घेऊन जा. आत धातू चालत नाही.”

आत प्रेक्षकांच्या सज्जात बसता बसता मिस्त्री मध्येच थबकला. इतके उंच छत त्याने जन्मात पाहिले नव्हते. खाली अर्धवर्तुळात मांडलेली काळसर लाकडाची आसने होती; त्यांच्या कडा एकाच लांबलचक वळणात वाकलेल्या, कुठे सांधा दिसत नव्हता, खिळ्याचे डोके तर शोधूनही सापडले नसते. हे काम करणारा कोण असेल, आणि त्याचे नाव इथे कुठे तरी कोरलेले असेल काय, असे त्याच्या मनात आले. मध्यभागी दोन लघुलेखक बसले होते. कुणी एक शब्द उच्चारला, की तो त्यांच्या लेखणीखाली जाऊन कायमचा होत असे. मिस्त्रीला वाटले, इथे खोकतानाही माणसाने विचार करावा.

“दाजी, तोंड मिटा,” मेहुणा कुजबुजला. “माशी जाईल.”

तेवढ्यात अध्यक्षांनी बाईंचे नाव पुकारले. बाई उठल्या. मिस्त्रीला ठाऊक असलेल्या, कपाटाच्या दाराशी कुरकुरणाऱ्या त्याच बाई. परंतु त्यांचा आवाज त्या छताखाली असा भरून राहिला, की जणू त्यांच्या मागे सगळी वस्ती उभी होती. धुलाईघरातल्या बायका, गोदामांतले हमाल, शाळेला जाणारी मुले, हे सर्व त्यांच्या तोंडून त्या दालनात चालत आले. आणि मग त्या म्हणाल्या, “अध्यक्ष महाराज, माझ्या मतदारसंघातल्या एका सुताराने हे अंतर स्वतःच्या हाताने मोजले आहे. ते आठशे दहा मीटर आहे.”

मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. त्याचा आकडा! खाली दोन लेखण्यांनी तो लिहून घेतला.

“ऐकलंत का दाजी?” मेहुण्याने त्याला कोपर मारले. “आपला आकडा!”

परंतु मिस्त्रीचा चेहरा उतरू लागला होता. एका हाताची दोन बोटे नकळत दुसऱ्या हाताच्या तळव्यावर सरकत होती, टेपवर सरकावीत तशी. दहापासून धरतो. त्या रविवारीही बोटांनी दहाचीच खूण धरली होती. एकदा नव्हे, एकशे बासष्ट वेळा. आणि मेहुणा पलीकडे पाचावर रेघ मारीत गेला होता. दहा वजा कुणीच केले नव्हते.

“मेहुणे,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आपण चुकलो. प्रत्येक वेळी दहा सेंटीमीटर जास्त धरले. सोळा मीटर वीस सेंटीमीटर. खरं अंतर आठशेच्या आत आहे.”

मेहुण्याने क्षणभर हिशेब केला. मग आजूबाजूला पाहून त्याच्या कानाशी लागला. “गप्प बसा. सोळा मीटर म्हणजे काय हो दाजी? जेमतेम दीड बस! दीड बसकरता ताईला जन्मभर पळवणार आहात?”

खाली मंत्री म्हणाले, “नियम तपासून दुपारच्या बैठकीत उत्तर देतो.” आणि सभागृह मध्यंतरासाठी उठले.

मिस्त्री बाकावरून हलला नाही. मेहुण्याचे बोलणे खोटे नव्हते. कोण मोजायला येणार होते? पूल उभा राहिला की त्याखाली कुणी टेप धरणार नव्हते. बायको वरून चालत जाईल, खांद्याला आरसा घासणार नाही, जिन्यावर पावले वेळेवर वाजतील. एवढ्यासाठी त्याने फक्त गप्प बसायचे होते, आणि गप्प बसणे त्याला चांगले येत असे. त्याने पुन्हा खाली त्या सलग वळणाकडे पाहिले. मग उठला.

बाई बाहेरच्या व्हरांड्यात हातात चहाचा पेला घेऊन उभ्या होत्या. मिस्त्रीने मान खाली घालून सर्व सांगितले.

बाईंचा पेला तोंडापाशीच थांबला. “आठशे दहा मी आत्ता सगळ्यांसमोर बोलले, मिस्त्री.”

“हो बाई.”

“आणि खरा आकडा सांगितला तर पूल गेला. हे कळतंय ना तुम्हाला? रोज रस्ता ओलांडते ती तुमचीच बायको.”

“कळतंय. पण बाई, सोळा मिलिमीटरनं चुकलेलं दार मी कुणाच्या घरात ठेवून आलो नाही. हे तर सोळा मीटर. आणि ते तुमच्या तोंडी लावून.”

मेहुणा मागून पुटपुटला, “झालं! बसा आता सगळे पळत.”

बाईंनी पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग त्यांनी पिशवीतून पेन काढले आणि म्हणाल्या, “नीट सांगा. सेंटीमीटरसकट.”

दुपारी सभागृह भरले. मंत्री उत्तर द्यायला उठण्याच्या आत बाई उभ्या राहिल्या. “अध्यक्ष महाराज, सकाळी मी दिलेला आकडा चुकीचा होता. खरे अंतर सातशे त्र्याण्णव मीटर ऐंशी सेंटीमीटर आहे. कृपया नोंद दुरुस्त व्हावी.”

समोरच्या बाजूला एकच हशा पिकला. कुणीतरी ओरडले, “बाई, तुम्ही गणितच शिकवायचात ना?”

“हो, म्हणूनच चूक फळ्यावर तशीच ठेवत नाही!” बाई उत्तरल्या. “तुमच्यासारखी पोरं मागच्या बाकावर हसायची, तेव्हाही ठेवत नव्हते.”

आता हशा दोन्ही बाजूंना उसळला. अध्यक्षांनी हातोडी वाजवली. “दुरुस्तीचे कारण?”

“ज्याने मोजले, त्यानेच येऊन सांगितले.”

हशा विरला. सगळ्यांच्या माना हळूहळू वर, प्रेक्षकांच्या सज्जाकडे वळल्या. मिस्त्रीला वाटले, आपण बाकाच्या फळीत शिरून जावे तर बरे. लघुलेखकांपैकी एकाने मागचे पान उलटले, एक रेघ ओढली आणि तिच्यावर नवा आकडा लिहिला. इतक्या उंचावरून तो दिसणे शक्य नव्हते, तरी मिस्त्रीला तो दिसला.

मंत्री उठले. त्यांनी हातातला कागद बाजूला सारला. “या अंतराला पूल देता येणार नाही. नियम सर्वांना सारखा.” मेहुण्याने कपाळावर हात मारला. मंत्र्यांनी मात्र खाली बसण्याची घाई केली नाही. “मात्र आठशेच्या आत असेल, तर पादचाऱ्यांसाठी बटणाचा दिवा, म्हणजे बटण दाबले की गाड्या थांबवणारा, देण्याची तरतूद आहे. ती आजवर कुणी मागितली नाही, कारण आठशेच्या आतला आकडा आजवर कुणी आणलाच नाही. सगळे पूल मागतात. अधिकारी पाहणीला येतील.”

अधिकारी पंधरा दिवसांनी आले. त्यांच्याकडे मोजणीचे चाक होते. चाक म्हणाले, सातशे चौऱ्याण्णव. मिस्त्रीने अत्यंत नम्रपणे सुचवले, की वीस सेंटीमीटरचा फरक बहुधा चाकाचा असावा. अधिकारी हसले आणि कागदावर सही करून गेले.

चार महिन्यांनी खांब उभा राहिला. पहिल्या सकाळी सगळी वस्ती फाटकापाशी लोटली होती. बाईही आल्या होत्या. कुणीतरी खुर्ची आणली, पण त्या बसल्या नाहीत.

“दाबू का?” बायकोने मिस्त्रीला विचारले.

“तुझ्यासाठीच तर आहे. दाब.”

तिने बटण दाबले आणि पिशवी छातीशी धरली. काही क्षण काहीच झाले नाही. गाड्या पूर्वीसारख्याच गरजत गेल्या. “चालत नाही वाटतं,” मेहुणा म्हणाला. मग दिवा बदलला. सर्वांत पुढचा प्रचंड ट्रक धापा टाकीत पट्ट्याच्या अलीकडे थांबला, त्याच्या बाजूला दुसरा, मागे बस, मागे टँकर, आणि पलीकडच्या दोन्ही रांगांतही तसेच. सहा रांगांचा तो महामार्ग, ज्याने वीस वर्षांत कुणासाठी श्वास रोखला नव्हता, तो इस्त्री करणाऱ्या एका बाईसाठी उभा राहिला.

आणि ती धावली. सवयच ती, मान खाली घालून, पिशवी कवटाळून ती जीव खाऊन धावत सुटली. मागून लोक ओरडले, “अगं चाल, चाल!” पण ती पलीकडच्या कडेला पोचूनच थांबली आणि धापा टाकीत मागे वळली.

दिव्यातले आकडे अजून उतरत होते. अठरा. सतरा. सोळा. रस्ता कोराकरकरीत रिकामा पडला होता. त्यावर एकही माणूस नव्हता, आणि तरीही एकही गाडी हलत नव्हती. अलीकडे मिस्त्री आणि बाई, पलीकडे ती, सगळेच त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत उभे राहिले.