जावेचा जुना टॅब

पौर्णिमानं काही दिलं की रागिणीच्या पोटात दुखायला लागायचं, आणि पौर्णिमा तर सारखी काही ना काही देतच असायची. वलगावच्या घरातला मिक्सर तिचा जुना, कुकर तिचा जुना, लग्नकार्यात नेसायची जांभळी साडी तिच्याच अंगाची. थोरली जाऊ ती. अकोल्यात स्वतःचं घर, नवऱ्याला बँकेत नोकरी. तिच्याकडे वस्तू जुन्या व्हायच्या आणि इकडे येऊन नव्या म्हणवून घ्यायच्या. नेलं मात्र तिनं नवं कोरं. रागिणीची एकुलती एक पोरगी खुशी दहावी झाली आणि पुढच्या क्लाससाठी अकोल्याला मोठीआईकडे, म्हणजे पौर्णिमाकडेच, राहायला गेली.

आता अमरावतीत काय क्लास नव्हते? राजापेठेत एकेका जिन्यावर क्लासच्या पाट्यांची दाटी. वलगावाहून रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. पण पोरीनंच अकोला धरलं, बापानं मान डोलावली आणि पौर्णिमा म्हणाली, "माह्या घरी काय परकी हाय का ते?" यावर बोलणार काय, कपाळ? रागिणी हसली. पण तेव्हापासून आतून जी जळायला लागली, ती जळतच राहिली.

दिवाळीला सगळे दोन दिवस वलगावला जमले. दोन्ही दिवस रागिणीनं खुशीला पुढ्यात बसवून तेल लावलं, कमरेखाली जाणारी वेणी घातली, आणि पौर्णिमा पाहतेय तोवर मुद्दाम हळूहळू घातली. केस म्हणजे रागिणीचा जीव. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून त्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

निघायच्या वेळी पौर्णिमानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला टॅब काढला. वहीएवढा, सिम टाकायची सोय असलेला.

"मी नवा घेतला. हा तुले. खुशीसंग मोठ्या पडद्यावर बोलत जा," ती म्हणाली. "थोडीफार खराबी हाय. वापरून पाय. नाई पटला तं संक्रांतीले परत दे, दुसऱ्या कोणाले देऊन टाकीन."

रागिणीनं तोंडभर हसून तो घेतला. मनात मात्र ठरवून टाकलं, की खराबी हुडकायची आणि टॅब तिचा तिला परत करायचा. एवढी एक वस्तू तरी परत गेली पाहिजे.

खराबी हुडकायला फार कष्ट पडले नाहीत. एका कोपऱ्यात काचेला केसाएवढा तडा होता. आवाज एकाच बाजूनं यायचा. चार्जरची पिन तिरपी धरली तरच बॅटरी भरायची, म्हणून श्यामनं, म्हणजे रागिणीच्या नवऱ्यानं, पिनेखाली काड्यापेटीचा टेकू दिला.

"चालते ना पण," श्याम म्हणाला.

"तुमच्या वयनीची वस्तू हाय. तुमाले चालनच."

श्यामनं काड्यापेटी नीट सरकवली. शहाणा माणूस.

पहिल्या दिवशी पडद्यावर खुशीचा चेहरा मोठा दिसला आणि रागिणीला खरोखर भरून आलं. पण पोरगी बोलता बोलता बाजूला पाहायची, तिकडे कोणाशी तरी हसायची. "मोठीआई जेवायले बोलावून राहिली, आई. ठेवू?" रोजचं हेच. मोठ्या पडद्याचा फायदा एवढाच झाला, की पोरीचं लक्ष दुसरीकडे आहे हे आता मोठं दिसायला लागलं.

मार्गशीर्ष लागला. श्यामच्या वावरात शेवंती होती, आणि गुरुवारच्या आदल्या दिवशी रागिणीला हार गुंफण्यातून मान वर करायला सवड नसायची. अशाच एका बुधवारी तिनं टॅब फुलांच्या टोपलीला टेकवून ठेवला. तिला लक्ष्मीची कहाणी लावायची होती. बोट भलत्याच चौकोनावर पडलं आणि समोर फोटो उघडले.

पहिल्या फोटोत खुशी ताटावर वाकून जेवत होती. वर चक्क 'आज' लिहिलेलं. रागिणीनं सुई खाली ठेवली. हा फोटो तिला कोणी पाठवलेला नव्हता. पुढच्या फोटोत खुशी मोठीआईच्या स्कुटीवर मागे बसलेली. त्याच्या पुढच्यात पाणीपुरीच्या गाड्यावर. मग नवा पिवळा कुर्ता, ज्याबद्दल पोरीनं चकार शब्द काढला नव्हता. आणि मग तो फोटो, ज्यात खुशीनं पौर्णिमाच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

तो तिनं दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. पोरीचा गाल जावेच्या खांद्यावर कसा दबलाय ते पाहिलं. पाहता पाहता पडदा विझला, आणि काळ्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं. ओठ आवळलेले, डोळे बारीक झालेले. तिनं घाईनं पडदा पुन्हा चालू केला.

त्या दिवसापासून तिला नादच लागला. सुईत दोरा ओवला की एकदा पाहायचं, हार पुरा झाला की एकदा पाहायचं. अकोल्यात आज काय शिजलं, पोरगी कुठं गेली, कोणत्या बाजूला भांग पाडला, सगळं तिला कळायला लागलं. दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावण्यासारखंच हे, इतकं तिलाही समजत होतं. पण खिडकीत आपलीच पोर बसली असेल तर? दर फोटोला जीव जळायचा, आणि फोटो आला नाही की जास्त जळायचा.

एक दिवस हार पोचवायला ती राजापेठेत गेली, तेव्हा टॅबही पिशवीत घातला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुंदनच्या टपरीत तो ठेवून म्हणाली, "पाय बरं, ठेवण्यासारखा हाय का हा. नसन तं तसं साफ सांग." कोणीतरी तज्ज्ञ माणसानं 'टाकाऊ' म्हणावं, म्हणजे परत करायला तोंड राहील, हा हिशेब.

कुंदननं टॅब उलटसुलट करून पाहिला. "तडा वाढणार नाई, काकू. पिनची जागा ढिली हाय, ते आत्ताच करून देतो. स्पीकर एक गेला, पण एकावर काम भागते. वस्तू चांगली हाय, ठेवा."

"अन् हे फोटो येतात ते?"

त्यानं पाहिलं आणि हसला. "जुन्या मालकाचं खातं चालूच राहून गेलं. तिकडं फोनवर फोटो काढला का इकडं उतरते. त्याले पत्ता भी नसन. खरी खराबी हेच हाय. थांबा, बंद करून देतो."

त्याचं बोट काचेवर टेकायच्या आत रागिणीनं टॅब ओढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढी खराबी राहू दे."

म्हणजे बघा. टाकाऊ ठरवायला नेलेला टॅब ती पोटाशी धरून परत घेऊन आली. श्यामला म्हणाली, "ठेवून घेतला. चांगला हाय." श्यामला वाटलं, बायको निवळली.

आणि मग केसांचा फोटो आला.

पार्लरच्या दारात दोघी उभ्या. खुशीचे केस मानेपर्यंत. वेणी नाही, काही नाही, मान उघडी. पौर्णिमाचा हात तिच्या पाठीवर, आणि दोघी हसताहेत. रागिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मांडीवरचा अर्धा हार कधी खाली घसरला, तेही तिला कळलं नाही.

संध्याकाळी तिनं फोन लावला. पडद्यावर खुशी आली ती डोक्याला ओढणी गुंडाळून.

"काहून वं, डोक्याले काय बांधलं?"

"सर्दी झाली, आई."

"वेणी कोणी घातली आज?"

पोरीनं ओढणी पुढं ओढली. "मीच."

मागे पौर्णिमाच्या साडीचा पदर दिसत होता. पोरगी आईशी खोटं बोलली आणि जाऊ मागे उभी राहून ते ऐकत राहिली. रागिणी म्हणाली, "वाफ घे," आणि फोन ठेवला. आजवर सगळं सोसलं तिनं, मिक्सर सोसला, साडी सोसली, पण आता दोघींनी मिळून तिलाच बाहेर काढलं होतं. पोरगी गेली हातची, असं तिला त्या रात्री पहिल्यांदा स्पष्ट वाटलं.

सकाळी ती तयार होऊन बसली. "अकोल्याले जाऊन राहिली."

"अन् हार?" श्याम म्हणाला.

"तुमी गुंफा."

एसटीत बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि रागिणी सबंध रस्ताभर एकेक वाक्य घोळवत राहिली. बोलायला इतकं साठलं होतं, की अकोला लवकर आल्यासारखं वाटलं.

दार पौर्णिमानं उघडलं. खुशी क्लासला गेलेली, भासरे, म्हणजे पौर्णिमाचा नवरा, बँकेत. "अवं, तू? फोन तं करायचा."

रागिणीनं टॉवेलसकट टॅब टेबलावर ठेवला. "हा घ्या तुमचा. खराब हाय."

"काय खराबी निघाली?"

"तुमचे फोटो येतात त्याच्यात. सारेच्या सारे. भासरे बनियानवर पेपर वाचून राहिले, ते भी."

पौर्णिमाचा हात तोंडावर गेला. एरवी दोघी हसल्या असत्या.

"खुशीचे केस काहून कापले, ताई? मले इचारलं तरी का?" रागिणीचा आवाज चढत गेला. "मले सारं आयुष्य तुमी जुनं देल्लं, मी घेतलं. तुमाले मात्र माही पोरगीच पायजे होती?"

घोळवलेली बाकीची वाक्यं तिला आठवेनात. पौर्णिमा खुर्ची ओढून बसली. बराच वेळ टॉवेलची किनार सारखी करत राहिली.

"मी नाई कापले," ती म्हणाली. "इथं आली तवापासून रोज सकाळी तेलाची वाटी घेऊन मी तिच्या मागं बसते. ते उठून जाते. वेणी आईच घालते म्हंते. स्वतः घालायले जमत नाई, गुंता होते, क्लासले उशीर होते. मी लय म्हटलं, मले घालू दे ना वं. तं म्हणाली, मोठीआई, त्यापेक्षा कापूनच टाकू."

रागिणी उभीच होती.

"तुले सांगू नको म्हणाली. आई रडन म्हणे. मीच नेली पार्लरमंदी, अन् तिथं हसली भी. दुसरं काय करू?"

"अन् खांद्यावर डोकं ठेवते ते?" हे रागिणीला विचारायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

"फोटोपुरतं ठेवते," पौर्णिमा म्हणाली. "मीच म्हणते, जवळ ये, फोटो काढू. फोटो झाला का उचलते."

रागिणीला काय वाटलं म्हणता? वाईट वाटायला हवं होतं. पण तिला आनंद झाला. इतका आनंद झाला, की तो दिसू नये म्हणून तिला खाली फरशीकडे पाहावं लागलं. मिक्सर, कुकर, साडी, सगळं त्या एका क्षणात फिटलं.

दुपारी खुशी आली. आईला पाहताच तिचा हात मानेवर गेला आणि डोळे भरले. रागिणी रागावली नाही. "बस," एवढंच म्हणाली आणि तेलाची वाटी मागितली. वाटी पौर्णिमानंच आणून दिली. मानेपर्यंतच्या केसांना तेल ते कितीसं लागणार? पण रागिणी बराच वेळ लावत राहिली. खुशीनं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि टेकलेलं डोकं उचललं नाही. पौर्णिमा पाहतेय ना, याची रागिणीनं मध्येच एकदा वर पाहून खात्री करून घेतली. पौर्णिमा पाहत होती.

निघताना पौर्णिमानं टॅब पुन्हा टॉवेलात गुंडाळून दिला. "ने. ते फोटोचं बंद करून देऊ का?"

"राहू द्या," रागिणी म्हणाली. जिंकलेल्या माणसाला असा मोठेपणा परवडतो.

परतीची गाडी मूर्तिजापूरच्या स्टँडवर थांबली, तेव्हा तिनं सवयीनं टॅब उघडला. नवा फोटो उतरला होता. खुशी डोळे मिटून तिच्या गुडघ्यावर, आणि केसांत तिची स्वतःची बोटं. तिनं फोटो मोठा केला. आधी पोरगी पाहिली, मग स्वतःला पाहिलं. आपण इतक्या सुखात दिसतो हे तिला माहीत नव्हतं. म्हणून ती पाहतच राहिली, आणि पाहता पाहता बोट बाजूला सरकलं.

मागच्या कपाटाच्या आरशात पौर्णिमा आली होती, फोन समोर धरलेली. फोटो काढणाऱ्याला वाटतं, आपण फोटोत नाही. ओठ आवळलेले, डोळे बारीक झालेले. तो चेहरा रागिणीला नवा नव्हता. हार गुंफताना पडदा विझला की काळ्या काचेत तोच तर दिसायचा.

तिनं टॅब टॉवेलात गुंडाळला. गाडी सुटली. थोड्या वेळानं पुन्हा काढला आणि पौर्णिमाला फोन लावला.

"ताई, पोचली नाई अजून," ती म्हणाली. "मी खुशीले सांगते, उद्यापासून तेल मोठीआईच्या हातून लावून घे. केस वाढतीन तं वेणी भी तुमीच घाला." हे बोलताना तिच्या पोटात दुखलंच. दुखलं तरी बोलली.

एसटीचा खडखडाट मोठा होता. टॅबचा एकच स्पीकर चालायचा, म्हणून रागिणीनं ती बाजू कानाशी नीट धरली आणि ताईच्या उत्तराची वाट पाहत राहिली.